चाखणं म्हणजे खाणं नव्हे

९ फेब्रुवारी

धाकट्या,

या हातांनी मी काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पत्र कोणाचं आहे याची शंका राहायला नको.

खानावळीची भट्टी. विटा मी रचल्या, माती मी मळली, आणि धूर सरळ वर जाईना म्हणून बांधलेलं धुराडं स्वतः पाडून पुन्हा बांधलं. गल्ल्यामागचं कपाट, ज्याचं दार आजही एका बोटाने बंद होतं. बाकं. त्यातलं एकही डगमगत नाही. डगमगलंच तर फरशी वाकडी आहे असं समजावं. मोरी आणि तिचा उतार. लांब दांड्याचा कालथा, ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून ठोकून काढलेला. दारावरची पाटी, अक्षरांसकट. मटणाचा जाड रस्सा, ज्यासाठी लोक वाट वाकडी करून येतात. आणि अर्धा तू. उरलेला अर्धा तू स्वतः घडवलास, आणि माझ्या पत्राला उत्तर देणार नाही तो तोच अर्धा.

यातलं काहीही मला कोणी शिकवलं नाही. हे फुशारकी म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडं फुशारकी म्हणूनही लिहितो.

आता कामाचं. मास्तरीणबाईंनी तुझ्या वहिनीला फोन करून सगळं सांगितलं. नवऱ्याला चोरून केला म्हणून बायकोवर डाफरू नकोस; डाफरण्याइतका जोर उरला असेल तर तो जेवणावर काढ. तुझं यकृत गेलंय. कोणाच्या तरी यकृताचा तुकडा मिळाला तर तू उभा राहशील, नाही तर हे वर्ष सरायचं नाही. दुसऱ्या दिवशी खानावळ बंद ठेवून मी तपासून घ्यायला गेलो. रक्त जुळलं. मला आश्चर्य वाटलं नाही, डॉक्टरांना का वाटलं कोण जाणे.

मग त्यांनी माझ्या यकृताचं चित्र काढलं आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे पांढुरकं दिसतंय ना, ही चरबी. असला तुकडा तुमच्या भावाला लावता येणार नाही. आणि काढताना तुम्हालाही धोका आहे. आधी ही उतरवा, मग बोलू."

हसलास ना? हस. मला माहीत आहे तुला काय आठवलं. भर दुपारी, सगळी बाकं भरलेली असताना तू गल्ल्यावरून म्हणाला होतास, "दादा, चव तुझ्या हातात नाही, लोण्यात आहे. लोणी काढून घेतलं तर तुझ्या हाताला कोणी दमडी देणार नाही." संध्याकाळी ट्रंक उचलून गेलास. मी तुला काय म्हणालो होतो ते इथे लिहायचं कारण नाही.

तर आता लोणी काढून घेतलं आहे. तेलही. दवाखान्यात एक आहारवाल्या बाई आहेत. मी त्यांना काटेबाई म्हणतो, कारण त्या आधी वजनकाट्याकडे बघतात आणि मग माणसाकडे. त्यांनी कागद दिला: उकडलेली भाजी, उकडलेली कोंबडी, उकडलेली डाळ. त्यांच्या कागदाप्रमाणे एकदा शब्दशः करून खाल्लं. ओलं वर्तमानपत्र चावल्यासारखं लागलं, आणि तेही कालचं.

पण मी आचारी आहे. पथ्य करीन ते आजाऱ्यासारखं नाही, आचाऱ्यासारखं.

उत्तर नको आहे. पत्रं येत राहतील.

दादा

२२ फेब्रुवारी

धाकट्या,

मास्तरीणबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "भाऊजी, मी विचारलं. ते म्हणाले, दादाचं मला काही नको. तुकडाही नको आणि उपकारही नको."

ठीक आहे. ऐकलं. नाकाने कांदे सोलायची सवय तुला माझ्याकडूनच लागली, तेव्हा तक्रार कोणाकडे करू? तू नको म्हण. मी बारीक होतो. तुझं नको आणि माझी चरबी, आधी कोण उतरतं ते बघू.

तोवर दुसरी गोष्ट. तू ताट परत पाठवतोस असं कळलं. मीठ जवळजवळ बंद झाल्यामुळे तुला सगळं अळणी लागतं. म्हणजे आपण दोघंही एकाच पंगतीला बसलोय: तुझं मीठ गेलं, माझी चरबी गेली. हे पुढचं मास्तरीणबाईंसाठी आहे. तू त्यांना पत्र दाखवणार नाहीस, पण त्या वाचतातच.

बाई, कांदा उभा बारीक चिरा. जाड बुडाचं पातेलं कोरडंच तापवा. तेल नाही. कांदा टाका आणि हात आवरा. ढवळायचं नाही. इथेच सगळे चुकतात, लोकांना ढवळल्याशिवाय स्वयंपाक केल्यासारखं वाटत नाही. बुडाला तपकिरी पापुद्रा धरला की पाण्याचा एक हबका मारा. पापुद्रा सुटेल आणि कांद्याच्या अंगाला लागेल. पुन्हा कोरडं होऊ द्या, पुन्हा हबका. असं करत कांदा गडद होईपर्यंत जा. तुम्ही घाबरून मध्येच थांबाल. थांबू नका. आता जळालाच असं वाटेल, त्याच्या एक श्वास आधी थांबायचं. हा कांदा कशातही घाला, डाळीत, भाजीत, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यावर. लोणी जे काम करतं त्यातलं निम्मं तो एकटा करतो.

आणि डॉक्टरांनी दिलेली मिठाची चिमूट पातेल्यात टाकू नका. तिथे ती हरवते. ताट वाढल्यावर वरून पेरा, जिभेला पहिली भेट तिचीच होऊ दे. मीठ पोटात नको, पाठीवर हवं. शेवटी लिंबाची साल किसून, फक्त पिवळी. पांढऱ्याला हात लावलात तर कडू होईल, आणि तो आधीच पुरेसा कडू आहे.

थांब, भट्टीवरचा वास बदलला. जाऊन आलो. काही नव्हतं. हल्ली उगाचच उठतो.

दादा

११ मार्च

धाकट्या,

पट्ट्याला नवं भोक पाडलं. खिळा तापवून, मीच. चपला शिवणाऱ्याकडे गेलो नाही. त्याची भोकं नेहमी थोडी तिरकी येतात.

गिऱ्हाइकांच्या थट्टेला ऊत आला आहे. "मालक, घरी जेवण बंद केलं की काय वहिनींनी?" "मालक, एवढे वाळलात, आता तुमच्या हातचं खावं की नाही विचार करावा लागेल." एकाने तर तोंडावर सांगितलं की बारीक आचारी आणि टकला न्हावी, दोघांवर विश्वास ठेवू नये. मी म्हटलं, न्हाव्याच्या टकलाचा तुझ्या केसांशी काय संबंध? तो म्हणाला, तेच तर.

कांदेवाल्या मावशी तुला आठवत असतील. अजून त्याच खिडकीखाली बसून कांदे चिरतात, अजून डोळ्यात पाणी येत नाही, अजून जिभेला हाड नाही. त्यांनी माझं ताट बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय, सशाचं लग्न आहे का आज?"

मी त्यांना बसवून खायला घातलं. ऐक काय होतं. कोबीचा जाड काप, कोरड्या तापल्या तव्यावर, वर भट्टीची वीट दाबून ठेवली. एक बाजू काळी होईपर्यंत हलवला नाही. उलटला, व्हिनेगरचे थेंब शिंपडले. तव्याने जो आवाज केला तो अर्धी चव. कोंबडीच्या छातीचा तुकडा आदल्या रात्रीपासून पातळ ताकात. मग आलं आणि मिरी घातलेल्या पाण्यात शिजवला, पण पाणी उकळू दिलं नाही, नुसतं थरथरत ठेवलं. उकळलं की मांस आकसतं आणि मग ते चपलेच्या तळासारखं लागतं. सगळ्या दवाखान्यांत असंच लागतं. वर भट्टीच्या शेवटच्या धगीवर सुकवलेले टोमॅटो, गोड झालेले. अळंबी कोरड्या पातेल्यात, दाताखाली कुरकुर वाजेपर्यंत.

मावशींनी खाल्लं. बोट चाटलं. म्हणाल्या, "लोणी कुठे लपवलंत?"

मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

शेजारी नवी व्यायामशाळा झाली आहे, तिथली पोरं भिंतीपलीकडून वास घेऊन येतात. आता पाटीच्या खाली खडूने एक ओळ लिहितो: हलकं जेवण. खपतंय. जाड रस्सा अर्थातच वेगळा, तो कसा बंद करणार? तो माझा आहे.

महिनाअखेर पुन्हा चित्र काढणार. मला खात्री आहे. काटेबाईंना मी सांगून आलो की तुमचा कागद मी सुधारला आहे, हवा तर इतरांना द्या.

दादा

२८ मार्च

उतरली नाही.

वजन उतरलंय, पट्टा उतरलाय, गाल उतरलेत. यकृतातली चरबी उतरायला हवी होती तशी उतरलेली नाही. डॉक्टर म्हणाले, "थोडी कमी आहे, पण या वेगाने नाही चालणार. तुमच्या भावाकडे एवढा वेळ नाही."

काटेबाईंनी विचारलं, "तुम्ही मधे काही खाता का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, वेगळ्या आवाजात. पोराला विचारतात ना, बिस्किटं कोणी खाल्ली, त्या आवाजात. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "बाई, मी आयुष्यात कोणाच्या पातेल्यातून चोरून खाल्लेलं नाही, स्वतःच्या तर नाहीच. काय सांगितलंत ते केलं. सांगितलंत त्याहून चांगलं केलं. तुमचं यंत्र तपासा."

त्या म्हणाल्या, "यंत्र बरोबर आहे."

घरापर्यंत चालत आलो. वाटेत दोनदा परत फिरलो, त्यांना आणखी काही सुनवायला, आणि दोनदा पुन्हा घराकडे वळलो. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, बसा तरी." बसलो. उठलो. धुराडं साफ केलं. ते साफच होतं.

तू काल पाणी काढायला दवाखान्यात होतास असं कळलं. पोटातलं पाणी.

मी चोर नाही, धाकट्या.

२ एप्रिल

धाकट्या,

चोर सापडला. सांगतो, पण हसायचं नाही. हस, पण पोटाला धरून. टाके पडायचे आहेत तिथे.

परवा रस्स्याची सकाळची भट्टी लागली होती. मी नेहमीसारखा फिरत होतो, या पातेल्यातून त्या पातेल्याकडे. मावशी कांदा चिरता चिरता बघत होत्या. म्हणाल्या, "मालक, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"रागावणार. विचारा."

"तुम्ही चाखता किती?"

मी म्हटलं, "मावशी, चाखणं म्हणजे खाणं नव्हे. आचारी चाखणारच. सुतार लाकडावरून हात फिरवतो म्हणजे काय लाकूड खातो?"

"सुतार गिळत नाही," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कांद्याकडे वळल्या.

मग त्यांनीच मधाची रिकामी बरणी आणून भट्टीच्या कठड्यावर ठेवली. "जेव्हा जेव्हा तुमचा चमचा तोंडात जाईल, तेव्हा तेव्हा तसाच एक चमचा इथे." मी म्हटलं, बरं, तुमची शंका फिटू दे. मला माझ्या मनात ठाऊक होतं, तळ झाकेल फार तर.

जेवणाची वेळ संपायच्या आत बरणी भरली. मावशींनी दुसरी आणली.

दोन्ही बरण्या फ्रिजमध्ये ठेवल्या. सकाळी काढल्या तेव्हा वर पांढरा थर बसला होता, अंगठ्याएवढा जाड. बोटाने दाबला तर बोट उमटलं. तुझ्या वहिनीने बरणी उचलून बघितली. "अहो, हे रोज?" मी बोटाला लागलेलं पुसलं. तिने ओठ घट्ट मिटले, मग तिला राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन हसून आली. भांडी आपटल्याचा आवाज केला, पण मला कळलं.

मी खोटं बोललो नव्हतो. मला खरोखरच ते खाणं वाटत नव्हतं. आणि का वाटत नव्हतं तेही काल आठवलं. आई गेल्यानंतरचं घर आठव. बाबा कामावरून येईपर्यंत कोणी जेवायचं नाही हा नियम, आणि बाबा यायचे कधीही. तू चुलीपाशी उलट्या बादलीवर उभा. मी तुला चमचा द्यायचो. तू डोळे मिटून म्हणायचास, "दादा, मीठ कळत नाही अजून, आणखी एक दे." मग, "आता कळतंय थोडं, आणखी एक." एकदा बाबा दारातच उभे राहिले आणि विचारलं, हा जेवतोय का? मी म्हटलं, नाही बाबा, चाखतोय. चाखणं म्हणजे खाणं नव्हे. बाबांनी चपला काढल्या आणि हातपाय धुवायला गेले.

तुझ्यासाठी काढलेला कायदा मीच पाळत बसलो, बघ.

बरणी घेऊन काटेबाईंकडे गेलो. टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. वाटलं आता ऐकावं लागणार. त्या बरणी उजेडात धरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी विचारलं, काय खाता. तुम्ही खरं सांगितलंत. माझाच प्रश्न अपुरा होता. पुढच्या आचाऱ्याला आधी हेच विचारीन." मग म्हणाल्या, "तो तुमचा कोबीचा प्रकार मला लिहून द्याल?"

बाई वाईट नाहीत.

दादा

२१ एप्रिल

धाकट्या,

चमचा मावशींकडे दिला आहे. आता मी रांधतो आणि त्या चाखतात. मी डोळे बांधून गाडी चालवतोय आणि शेजारी बसलेली बाई फक्त टोमणे मारते आहे, असं समज.

"कसा झालाय?"

"झालाय."

"झालाय म्हणजे?"

"म्हणजे पातेल्यात आहे."

"मावशी, आंबट हवं का अजून?"

"आंबट तुमचं तोंड आहे तेवढं पुरे. मिरी घाला."

त्यांचं बरोबर असतं, हाच त्रास आहे.

पण एक शिकलो. जीभ काढून घेतली की कान उघडतात. पाणी आटत आलं की रस्स्याचा आवाज जड होतो, बुडबुडे मोठे आणि आळशी फुटतात. मसूर फुटायच्या आधी पातेल्यावरची वाफ गोडसर येते. कांद्याचं तर तुला आधीच लिहिलं. हे मी इतकी वर्षं ऐकत होतो, पण चमच्याने माझे कान बंद केले होते.

आणि दुसरं. काल बऱ्याच दिवसांनी रस्सा चाखला. एकच चमचा, काटेबाईंना विचारून, आणि थुंकला. धाकट्या, त्यात लोणी लागलं. मग लोणी. मग पुन्हा लोणी. फार मागे, भिंतीपलीकडून कोणी हाक मारावी तशी मिरी. मी तो रस्सा वर्षानुवर्षं केला आणि ती मिरी मला कधी ऐकूच आली नव्हती.

याचा अर्थ तू बरोबर होतास असा होत नाही. याचा अर्थ एवढाच की

ते जाऊ दे. रस्स्यातलं लोणी निम्म्याहून कमी केलं आहे. मावशी सोडून कोणाला कळलं नाही. त्या म्हणाल्या, "आता कुठे मटण खाल्ल्यासारखं वाटलं." एक गिऱ्हाईक म्हणालं, मालक, आज काहीतरी जास्त घातलंत.

मास्तरीणबाई म्हणतात तू ताट परत पाठवत नाहीस हल्ली. टोमॅटो सुकवायला त्यांना त्यांच्या शाळेच्या गच्चीवर जागा मिळाली म्हणे; मुलांना सांगितलंय की प्रयोग आहे. तू माझी पत्रं उघडत नाहीस, त्याच वाचतात, आणि हे जेवण कुठून आलं ते तुला सांगितलेलं नाही, असंही म्हणतात. तू विचारलंही नाहीस. मी त्यांना म्हटलं, नका सांगू. त्याला कळलं तर तो उपाशी मरेल, पण माझ्या कांद्याने जगणार नाही.

बरं नाही वाटत का तुला? फोनवर मागे खोकल्याचा आवाज आला. खोकला यकृताचा नसतो, मी विचारून घेतलं. थंड पाणी पिऊ नकोस.

दादा

१४ मे

धाकट्या,

पोस्टमनने कार्ड दिलं तेव्हा मी हातातला कोबी खाली ठेवला नाही. म्हटलं, बिल असेल.

तुझं अक्षर बदललं आहे. काना अजून तसाच तिरका येतो, पण ओळ खाली घसरते. कार्डावर ना प्रिय, ना दादा, ना खाली नाव. एकच ओळ: "कांदा अजून थोडा काळा हवा होता."

वहिनीने विचारलं, "काय लिहिलंय?" मी कार्ड तिला दिलं आणि मोरीचा उतार बघायला गेलो. तो ठीक आहे. बराच वेळ बघितला.

म्हणजे तुला कळलं होतं. पहिल्या घासाला की दुसऱ्या, तेवढं कधीतरी सांग. आणि तुझं बरोबर आहे, मास्तरीणबाई एक हबका आधी थांबतात. मी लिहिलं होतं, थांबू नका. भित्र्या माणसाच्या हातचा कांदा कधी काळा होत नाही.

आज त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनी कागदांवर सही केली. मी काही बोलले नाही. आपणहून पेन मागितलं." मग त्या रडल्या, आणि वहिनीकडे फोन दिला, तर तीही. दोघी मिळून किती वेळ रडल्या आणि फोनचं बिल कोण भरणार हे कोणी विचारलं नाही.

माझं चित्र सोमवारी. झोप चांगली लागते. उशी जरा कडक आहे, एवढंच.

दादा

१९ मे

उतरली. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. पांढुरकं गेलं, रंग सपाट आणि गडद, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा. हे मी त्यांना म्हटलं तर ते म्हणाले, असं वर्णन पहिल्यांदा ऐकलं. काटेबाई मुद्दाम त्यांच्या खोलीतून बघायला आल्या. म्हणाल्या, "चालेल."

आचारी कसलेला असतो, पण "चालेल" एवढ्याने त्याच्या डोळ्यात पाणी यावं, हे काही बरं नाही. कांदा चिरत होतो असं समज. दवाखान्यात.

ऑपरेशनची तारीख नऊ जून.

दादा

३ जून

धाकट्या,

हे शेवटचं पत्र टाकतो, कारण पुढचं पोहोचायच्या आत मीच पोहोचेन. उद्याची गाडी आहे. वहिनी सोबत येते. खानावळ मावशी बघणार. मी त्यांना भट्टीबद्दल सूचना देत होतो तर म्हणाल्या, "मालक, तुम्ही कापून घ्यायला चाललात की मला शिकवायला थांबलात?" कालथा त्यांच्या हाती दिला. त्याला आजवर दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. त्यांनी तो तोलून बघितला आणि म्हणाल्या, जड आहे उगाच.

ऑपरेशनची भीती वगैरे मला नाही. परवा वहिनीने विचारलं, कपाटाच्या किल्ल्या आणि जागेचे कागद कुठे असतात ते एकदा सांगून ठेवता का. सांगून ठेवलं. मग सगळी बाकं उलटी करून खिळे ठोकून घेतले. एकही ढिला नव्हता.

डॉक्टर म्हणतात यकृत पुन्हा वाढतं. माझंही, तुझ्यातलंही. म्हणजे मी देतो तो तुकडा तिथे गेल्यावर स्वतःच स्वतःला घडवणार. शिकवायला कोणी नसताना. त्याला सवय आहे.

तिकडे आल्यावर बोलायचं नसेल तर बोलू नकोस. उठून बसता यायला लागलास की मी तुझ्यासाठी कांदा करीन, तुला हवा तेवढा काळा. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात शिरू देतील की नाही याची चौकशी काटेबाईंनी फोनवरून करून ठेवली आहे. मीठ ताटात वरून पेरीन. एक चमचा देईन. कळलं नाही म्हणालास तर आणखी एक.

आता एक राहिलं. हे उपकार म्हणून लिहीत नाही. तुकड्याचा आणि याचा काही संबंध नाही. तू एकदा सगळ्या बाकांसमोर एक गोष्ट बोललास, तिला मी त्या दिवशी नीट उत्तर दिलं नव्हतं, म्हणून लिहितो.

शेजारच्या व्यायामशाळेच्या मालकाच्या आणखी बऱ्याच शाळा आहेत. तो गेले दोन महिने त्या पोरांबरोबर बाकावर बसून हलकं जेवण जेवत होता. मला वाटायचं, हा कोणी शिक्षक असेल. गेल्या आठवड्यात कोट घालून आला. कांदा, कोबी, ताकातली कोंबडी, टोमॅटो, सगळ्या कृती आणि माझे हात, एवढं त्याला हवं होतं. नवं मोठं स्वयंपाकघर, दारावर माझा फोटो. अट एकच: एक जूनला सुरू करायचं आणि मध्ये सुट्टी नाही, कारण नवी व्यायामशाळा उघडायचा मुहूर्त त्याने छापून टाकला होता. मी म्हटलं, नऊ तारखेला मला काम आहे, आणि त्यानंतर काही महिने जड पातेलं उचलता येणार नाही. तो म्हणाला, पुढे ढकला. मी म्हटलं, ढकलता येत नाही. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय, म्हणून त्याने आकडा वाढवला. मग पुन्हा वाढवला. मी त्याला जेवण वाढलं आणि नाही म्हटलं. मावशी खिडकीखालून सगळं ऐकत होत्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कांदा चिरायचा थांबवला.

तू म्हणाला होतास, लोणी काढून घेतलं तर तुझ्या हाताला कोणी दमडी देणार नाही.

साठ लाख देत होता. लोण्याशिवाय.